बांदा ते जुने गोवे, तेर्सावर तेर्स

नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या काळात, २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, बांद्याहून जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, दर्शनाला चालत निघालो की आम्ही अंतर तेर्सात, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, मोजतो. चालता चालता एक तेर्स म्हणायला वीस मिनिटे लागतात, तेवढ्यात साधारण दीड किलोमीटर मागे पडतो. पत्रादेवी, पेडणे, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी अशी ही वाट ५० किलोमीटरच्या आसपास भरते. पेडणे आणि म्हापसा असे दोन मुक्काम करावेत. घाई केली की शेवटच्या टप्प्यात प्रार्थना सुटते, नुसते पाय ओढणे उरते.

पहाटे चारला निघायचे, दहाला सावली गाठायची. हमरस्त्यावर उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असे, एकामागे एक चालायचे. अंधारात पुढच्या आणि मागच्या माणसाकडे विजेरी हवी.

पायांचे म्हणाल तर नवे बूट नकोतच. फोड येतो तो घामाने ओल्या झालेल्या मोज्यामुळे: कातडी मऊ पडते आणि घासली जाते. दर दोन तासांनी मोजे बदला, ओले मोजे पिशवीला बाहेरून बांधून वाळवा. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, तीच आतल्या जखमेचे झाकण असते. वाटेत प्यायच्या लिटरभर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ सपाट मोजून घाला. मीठ जास्त झाले तर अपायच होतो.

तेर्स मोडतो तो चढावर. मण्यामण्याला येणारी ‘नमो मरिया’ ही प्रार्थना अर्धी एकाने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. पण पुढारी धापा टाकू लागला की मागच्यांना कुठे धरायचे ते कळत नाही. म्हणून दर दहा मण्यांनी पुढारी बदलावा. ट्रक गेला की आवाज बुडतो. मग प्रत्येकाने मनात म्हणायचे आणि अंगठा मण्यावरून हलवायचा नाही. मन भरकटते, बोट जागा धरून ठेवते. मला ही प्रार्थना याचसाठी खरी वाटते: तिला शरीर लागते.

पणजी सोडली की रायबंदरचा बांध लागतो, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून थोडा अधिक. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खारफुटी. पूर्ण सपाट. इथे दोन तेर्स न तुटता होतात, आणि सगळ्या वाटेत मला हाच तुकडा सर्वांत प्रिय आहे. रस्ता अरुंद आहे, तेव्हा गाड्या वाढायच्या आत, उजाडताच तो पार करावा.

जुन्या गोव्यात नोव्हेनाच्या मिस्सा, म्हणजे उपासनाविधी, बाहेरच्या मांडवात होतात. आत बाझिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, सायबाच्या देहाची चांदीची पेटी उंचावर असते, हात पोचत नाही. फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. ज्या हाताने त्यांनी हजारोंना बाप्तिस्मा दिला, त्या उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये रोमला नेला. आपल्या श्रद्धेने त्या हाताला जपले, याचा अर्थ पन्नास किलोमीटर चाललेला माणूस जास्त खोल जाणतो, असे मी मानतो.

बाझिलिकेच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा नाही, उघडा जांभा आहे. आमच्या घरांना असतो तोच. दर्शन झालेले यात्रेकरू आवारात सावली बघून बसतात आणि मोजे काढतात.