मस्टँगला पीपीएफ: साताऱ्याच्या खडीपासून रंग वाचवताना

खडीने रंगाचा टवका गाडीवर सगळीकडे सारखा उडत नाही. म्हणून पीपीएफवर (रंगावर चिकटवायच्या पारदर्शक संरक्षक फिल्मवर) पैसे घालण्याआधी मी गाडी स्वच्छ धुतली, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उभी केली आणि दिसेल त्या प्रत्येक टवक्याशेजारी मास्किंग टेपचा बारीक तुकडा चिकटवला. असं केलं की फिल्म कुठे लागणार आहे ते गाडीच सांगते. बोनेटची पुढची वीतभर पट्टी आणि बंपरचा वरचा भाग टेपने भरून जातो. त्याखालोखाल आरशांची कव्हरं, पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि छताची पुढची कड. आणखी दोन जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटतात: दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढचा क्वार्टर पॅनेलचा फुगीर भाग. तिथे मार समोरून येत नाही. आपल्याच गाडीचे पुढचे टायर खडी उचलून मागे फेकतात. मस्टँग जीटीसारख्या रुंद टायरच्या आणि मागून बाहेर आलेल्या गाडीत हा मार जास्तच असतो.

आपल्या भागात खडी म्हणजे काळा पाषाण. क्रशरमधून निघाला की त्याच्या कडा धारदार असतात. डांबर मारून वर कच पसरलेल्या रस्त्यावर तो कच बसेपर्यंत सुटाच असतो, आणि महामार्गाच्या रुंदीकरणाच्या पट्ट्यात डंपरच्या टायरमध्ये अडकलेली खडी वेग घेतला की बाहेर पडते. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमधून पडणारी ढेकळं वेगळीच. वेगाचा हिशेबही डोक्यात ठेवावा. माराची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ८० ऐवजी १०० ने गेलं तर तीच खडी दीडपटीहून जास्त जोराने बसते.

आता सिरॅमिक (रंगावर पुसून लावायचं द्रव कोटिंग) की पीपीएफ हा प्रश्न. वॉशिंग सेंटरवर ‘सिरॅमिक मारा, रंगाला काही होणार नाही’ असं सर्रास सांगतात. खडीच्या बाबतीत ते चूक आहे. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, त्यात वरचा पारदर्शक लॅकर ४०-५० मायक्रॉनचा. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनचा, तोही कडक. पाणी आणि धूळ त्यावर टिकत नाही, चकाकी छान येते. पण दगड अडवायला जाडी लागते आणि लवचिकपणा लागतो. पीपीएफ ही १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म असते. म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा जाड. खडी लागली की ती दबते आणि परत वर येते, त्यामुळे धक्का रंगावर एका बिंदूत उतरत नाही. हेलिकॉप्टरच्या पात्यांची कड वाळू-दगडांपासून वाचवण्यासाठी असल्या फिल्मचा वापर सुरू झाला, गाड्यांवर ती नंतर आली.

मात्र पीपीएफ या नावाखाली तीन प्रकारचा माल विकला जातो. टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) हा खरा. पीव्हीसी स्वस्त, पण काही काळाने पिवळा आणि कडक पडतो. टीपीएच या नावाने येणारा माल मुळात मऊ केलेला पीव्हीसीच असतो. मी प्रत्येक ठिकाणी हातभर नमुना मागितला. तो ताणून सोडायचा. टीपीयू जवळजवळ मूळ लांबीवर येतो, पीव्हीसी ताणलेलाच राहतो. मग पितळी ब्रशने वर ओरखडे काढायचे आणि गरम पाणी ओतायचं. चांगल्या टीपीयूवरचे बारीक ओरखडे डोळ्यांदेखत भरून येतात. नमुना द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे गाडी देऊ नये. रोल उघडताना बॉक्सवरचा नंबर बघून तोच बिलावर लिहून घ्यावा. वॉरंटीचा कागद नीट वाचावा: पिवळं पडणं, तडे जाणं, सुटणं यांची हमी असते, दगडाने फिल्म फाटली तर बहुधा नसते. ते बरोबरही आहे, कारण फाटणं हेच तिचं काम.

संपूर्ण गाडीला चांगली टीपीयू घालायची तर खर्च लाखाच्या पुढे सहज जातो आणि १५ मीटरचा जवळजवळ एक रोल संपतो. टेपच्या खुणांनुसार मी पूर्ण बंपर, पूर्ण बोनेट, पुढची दोन्ही फेंडर, हेडलाइट, आरसे, खांब, दारांखालच्या पट्ट्या आणि मागचे फुगीर भाग एवढंच घेतलं. बोनेट अर्धं झाकून पैसे वाचवण्याचा पर्याय दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. मधोमध जी कड राहते तिथे धूळ आणि पॉलिश साठून काळी रेघ दिसते, आणि काही वर्षांनी फिल्म काढली तर झाकलेला आणि उघडा रंग वेगळा दिसू शकतो. रोलची रुंदी १५२ सें.मी. असते. बोनेटला आडवी फिल्म पुरत नसेल तर उभी घालता येते, पण जोड नको.

सेंटर पुण्यातलं की साताऱ्यातलं, यावर मी जवळचं निवडलं. फिल्म लावल्यावर पहिल्या महिन्यात एखादी कड सुटते, ती बसवायला जावंच लागतं, आणि त्यासाठी खंबाटकी घाट ओलांडायचा तर माणूस टाळतो. जागा निवडताना तीन गोष्टी बघितल्या: खोली बंद आहे का, जमीन ओली ठेवतात का, आणि शेजारी डेंटिंगचं सँडिंग चालतं का. शेजारी सँडिंग चालत असेल तर तिथून परत फिरावं. हंगामाचाही विचार करावा. मे महिन्यात पत्रा तापलेला असतो, चिकट लगेच धरतं आणि फिल्म सरकवता येत नाही. पावसाळ्यात पाणी सुकत नाही आणि दिव्यावरचे किडे फिल्मखाली जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त पहाटेच्या गारठ्यात काम सुरू करू नये.

खरं काम तयारीत आहे, आणि घाई होते तीही तिथेच. जुनी गाडी असेल तर आधी जाडी मोजण्याचं गेज फिरवावं. मस्टँगचं बोनेट आणि पुढची फेंडर अॅल्युमिनियमची आहेत, त्यामुळे फक्त लोखंडावर चालणारं गेज तिथे काही दाखवत नाही. लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारं मागावं. आकडा १५० मायक्रॉनच्या आत असेल तर रंग कंपनीचा. २५०-३०० दिसला तर पुन्हा रंगवलेला, ५०० च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे असलं गेज चालत नाही. कडेची मास्किंगची रेघ आणि रंगाची दाणेदार पोत बघून ओळखावं लागतं. पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म लावायला हरकत नाही, पण रंग मारून किमान महिना उलटलेला असावा. त्याआधी लावली तर आतलं थिनर बाहेर पडताना फिल्मखाली फोड येतात. आणि अशा भागावरची फिल्म पुढे काढताना रंगही सोबत येण्याचा धोका असतो, हे आधीच मान्य करून चालावं.

असलेले टवके फिल्मखाली लपत नाहीत. उलट खड्ड्यात हवा राहते आणि पांढरा ठिपका चमकतो. म्हणून टच-अप आधी. अॅल्युमिनियम उघडं पडलं असेल तर तिथे लाल गंज येत नाही, पण रंगाखाली पांढरी पूड धरते आणि रंग फुगतो. ती पूड खरवडून, अॅल्युमिनियमवर धरणारं एचिंग (etching) प्रायमर लावून, मग टूथपिकच्या टोकाने रंग आणि लॅकर थेंबाथेंबाने भरावा. पूर्ण सुकला की २००० ते २५०० च्या पाणपेपरने सपाट करून पॉलिश मारावं.

त्यानंतर धुलाई: फोम, मग लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन (ते जांभळं होतं, ब्रेकची पूड असलेल्या भागात तर फारच), मग डांबराचे ठिपके, मग क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीची वडी). तळहातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हात फिरवला की राहिलेले कण कळतात. हलकं पॉलिश झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, कडांच्या आतून आणि जाळीच्या खाचांतूनही. मेणाचा किंवा सिरॅमिकचा थर राहिला तर चिकट धरत नाही. पुढे सुटणाऱ्या बहुतेक कडांचं मूळ इथेच असतं.

फिल्म ओली लावतात. सरकवायचं पाणी म्हणजे एक लिटरला साधारण दीड मिली बेबी शॅम्पू. धरवायचं पाणी म्हणजे लिटरभरात १०० ते १५० मिली आयसोप्रोपिल. दोन्हीसाठी आरओचं पाणी वापरावं, कारण बोअरच्या जड पाण्याचे क्षार कडांवर पांढरे उमटतात. स्क्वीजी (पाणी बाहेर ढकलणारी पट्टी) मधून बाहेर, प्रत्येक घाव आधीच्या घावावर अर्धा चढवत मारायची. शॅम्पू जास्त झाला की फिल्म तासभर सरकत राहते आणि कड बसत नाही. कमी झाला तर जागच्या जागी पकडते आणि उचलताना चिकटाच्या रेघा उठतात. अवघड जागा बंपरचे कोपरे. तिथे फिल्म ताणावी लागते, आणि जास्त ताणली की चिकटात चंदेरी रेषा उमटतात आणि उन्हात फिल्म मागे सरकून कड उघडी पडते. चांगला कारागीर ताण एका जागी न घेता बंपरच्या मध्यापासून सगळीकडे वाटून घेतो.

कापण्याबद्दल आधीच बोलून घ्यावं. प्लॉटरवर (फिल्म कापायच्या मशीनवर) साच्याने कापून आणलेली फिल्म असेल तर ब्लेड रंगाला लागत नाही, पण कडेला दोन-तीन मिलिमीटर रंग उघडा राहतो. गाडीवर टाकून कापलेली कड आत वळवता येते, पण ब्लेडचा हात जड असेल तर लॅकर चिरला जातो, आणि ते फिल्म काढल्यावरच कळतं. मी बोनेट आणि फेंडरला कडा वळवून मागितल्या. लोगोभोवती आणि हेडलाइटच्या फटीजवळ ब्लेडऐवजी दोऱ्याची टेप (आतला दोरा ओढला की फिल्म कापणारी) वापरायची अट घातली.

गाडी ताब्यात घेताना एलईडीचा हातदिवा तिरपा धरून बघावं. पाण्याचा फुगा मऊ असतो, दाबला की सरकतो आणि काही आठवड्यांत सुकतो. मध्ये कडक टोक लागलं तर तो कण आहे, तो जाणार नाही. एखाद-दुसरा कण सोडून द्यावा. बोनेटच्या मध्यावर चार-पाच दिसले तर तेवढा तुकडा बदलून मागावा.

पहिला आठवडा गाडी धुऊ नये. आठवड्यानंतर फिल्मच्या वर सिरॅमिक मारलं तर चिखल आणि किडे सहज सुटतात. सिरॅमिकची योग्य जागा तीच. प्रेशरची नळी कडेपासून दोन-अडीच फूट लांब आणि सरळ धरायची. तिरपा फवारा कडेखाली शिरला की फिल्म उचललीच. डांबर काढायला पेट्रोल-डिझेल नको, डिझेल वॉश तर मुळीच नको. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडाने काढावी, नाहीतर वरच्या थरावर डाग बसतो. उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात ते वरच्या थरातले बारीक ओरखडे. खडीने आरपार गेलेली चीर भरत नाही. अशी चीर दिसली की आत पाणी आणि माती जाण्याआधी तेवढ्याच पॅनेलची फिल्म बदलावी. यवतेश्वर घाटाने कासला नेहमी जाणाऱ्या गाडीत ही वेळ सगळ्यांत आधी दारांखालच्या पट्टीवर येते, म्हणून त्या पट्टीचा तुकडा स्वतंत्र कापून घेतला; तो बदलताना फेंडरची फिल्म उचलावी लागत नाही. जुना तुकडा काढताना हीट गनने कोमट करायचा आणि पत्र्याला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायचा. सरळ वर ओढला तर चिकट मागे राहतं.