सख्खी युनिटं, सावत्र युनिटं

पँझर जनरल परत सुरू केलाय. १९९४ चा गेम, एसएसआय कंपनीचा, डॉस या जुन्या सिस्टिमवरचा. आता डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लावला की मुकाट्याने चालतो, फक्त ६४० बाय ४८० चं ते चित्र आजच्या मोठ्या स्क्रीनवर ताणून बघताना सुरुवातीला डोळ्याला खुपतं आणि मग एकदा चाली सुरू झाल्या की काही जाणवत नाही. तुम्ही जर्मन सेनापती, सप्टेंबर १९३९, पोलंड. तिथून नॉर्वे, फ्रान्स, आफ्रिका किंवा रशिया, आणि भरपूर जिंकत गेलात तर इतिहास बाजूला ठेवून थेट वॉशिंग्टनवर हल्ला. हो, वॉशिंग्टन. हा भाग मला कायम फालतू वाटत आलाय, त्यामुळे मी बहुतेक वेळा रशियातच रमतो.

नकाशा षटकोनी घरांचा, म्हणजे हेक्सचा. ही पद्धत कॉम्प्युटरच्या आधीची आहे, ॲव्हलॉन हिलच्या पुठ्ठ्याच्या युद्धखेळांमध्ये १९६१ पासूनच हेक्स आले होते, आणि कारण साधं आहे, चौकोनी पटावर तिरपी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते पण मोजताना दोन्ही एकच घर, हेक्समध्ये सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. असो, हे खेळताना कोणी मोजत बसत नाही.

काल रात्री बार्बारोसा, म्हणजे १९४१ ची जर्मनांची रशियावरची स्वारी, खेळत होतो. एक शहर, आत खंदक खोदून बसलेलं रशियन पायदळ, पूर्ण बळ १०, मागच्या घरात त्यांच्या तोफा. नवीन खेळणारा इथे सरळ रणगाडे घुसवतो आणि तोंडावर आपटतो, कारण शहरात आणि जंगलात रणगाड्याची सगळी मातब्बरी संपते, तिथे जवळून लढायचं असतं आणि ते काम पायदळाचं. शिवाय शेजारी तोफखाना असेल तर तुम्ही हल्ला करायच्या आधीच तो तुमच्यावर मारा करतो. म्हणून आधी स्टुका, म्हणजे जर्मन बॉम्बफेकी विमानं, त्या तोफांवर, मग आपला तोफखाना शहरावर, त्याने माणसं फार मरत नाहीत पण शत्रू दबतो आणि प्रत्येक हल्ल्यागणिक खंदकाचा आकडा एकेक उतरतो. मग पायोनियर, खंदकाला न जुमानणारं पायदळ, ते पुढे. आणि रणगाडे? ते शहराला वळसा घालून मागे जाऊन थांबतात. हे सगळं याच क्रमाने. एक चाल मागेपुढे झाली की सगळा टर्न वाया. आणि एवढं करूनही मधेच स्क्रीनवर ‘रग्ड डिफेन्स’ येतं, म्हणजे समोरचा अपेक्षेपेक्षा चिवट निघाला, आणि दोनाचं नुकसान होईल म्हणून पाठवलेलं युनिट सहा गमावून बसतं. त्या दोन शब्दांचा मला खरोखर राग येतो. पण ते नसते तर हा गेम नुसता हिशोब झाला असता हेही खरं.

मला मुळात लिहायचंय ते वेगळंच आहे. या गेममध्ये दोन प्रकारची युनिटं असतात. एक तुमची कोअर, जी एका लढाईतून पुढच्या लढाईत तुमच्याबरोबर येतात, अनुभव कमावतात, शंभर पॉइंटला एक असे पाचपर्यंत स्टार मिळवतात आणि तेवढ्या प्रमाणात त्यांचं बळ १० च्या वर, पार १५ पर्यंत नेता येतं. दुसरी ऑक्झिलरी, त्या एका लढाईपुरती हाताशी दिलेली, लढाई संपली की गेली. म्हणजे एक सख्खी आणि दुसरी सावत्र. आणि खेळणारा प्रत्येक जण, कोणी शिकवलेलं नसताना, फार लवकर एकच गोष्ट करायला लागतो. पूल ओलांडून पलीकडे काय आहे माहीत नाही? सावत्र पाठवा. धुक्यात लपलेल्या शत्रूवर आदळायची शक्यता आहे? सावत्र. शत्रूच्या तोफांनी कोणावर तरी बार काढायचाच आहे, तर मग तो सावत्रावर काढू दे. पोलंडपासून बरोबर असलेलं माझं एक रणगाड्यांचं युनिट आहे, चार स्टार, बळ १३, त्याला खरचटलं तरी मी अनुभवी भरती देतो, म्हणजे महागातली, कारण स्वस्तातली नवखी भरती दिली की बळ भरतं पण अनुभव पातळ होतो. आणि शेजारी बळ ३ वर आलेलं सावत्र पायदळ उभं असतं त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, उलट अजून एक हल्ला त्याच्याकडून काढून घेतो कारण त्याचं आता तसंही काय होणार.

गेमने हे कुठेही सांगितलेलं नाही. नियमच असे रचलेत की माणूस आपोआप असा वागतो. आणि भर म्हणून टर्नची मर्यादा. नुसतं जिंकून भागत नाही, मेजर व्हिक्टरी हवी असेल तर मर्यादेच्या बऱ्याच आधी सगळी लक्ष्यं घ्यावी लागतात, म्हणजे खरा शत्रू समोरचा कॉम्प्युटर नाहीच, तो बिचारा बऱ्याचदा मूर्खासारखा उघड्यावर येतो, खरा शत्रू कॅलेंडर. घाई आली की सावत्र युनिटं आणखी स्वस्त होतात.

अजून एक नियम आहे तो काल जास्त बोचला. मार खाल्लेल्या युनिटला मागे सरकायला रिकामं घर उरलं नसेल तर ते शरण जातं. म्हणजे नकाशावरून नाहीसं होतं, बस. त्यामुळे रणगाडे वळसा घालून मागे नेऊन ठेवायचे, ही या गेममधली सगळ्यात सुंदर चाल, आणि मी ती करताना अगदी खुशीत असतो. पण खऱ्या पूर्व आघाडीवर शरण गेल्यानंतर माणूस नाहीसा होत नव्हता, तिथून पुढे त्याचं दुसरंच काहीतरी सुरू होत होतं. जर्मनांनी पकडलेल्या साधारण ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास कैदेत मेले, उपासमारीने, थंडीने, रोगाने, गोळ्या घालून. १९४१ ची शरद आणि त्यानंतरचा हिवाळा सगळ्यात वाईट. गेममध्ये यातलं काही नाही. दोन्ही बाजूंचे गणवेश स्वच्छ, लढाईचं छोटं ॲनिमेशन येतं, तोफ उडते, आकडा ८ चा ५ होतो आणि परत नकाशा. ते ॲनिमेशनही बहुतेक जण बंद करून ठेवतात, वेळ वाचतो म्हणून.

म्हणून खेळू नये असं मला वाटत नाही. बुद्धिबळातही प्यादी मरतात असं कोणी म्हणेल, पण बुद्धिबळात तारीख आणि गावाचं नाव नसतं, इथे असतं, म्हणून दोन्ही एकाच तागडीत टाकणं मला पटत नाही. मी आपला खेळतो, आणि बाजूला त्या वर्षाचं वाचतोही. वाचलं की खेळ कमी मजेदार होत नाही हे जरा विचित्र आहे. उलट कधीकधी जास्तच कळतो. केव्ही-१ हा रशियन जड रणगाडा समोर आला आणि माझ्या रणगाड्यांच्या माऱ्याचा अंदाज शून्य दाखवला की १९४१ मध्ये खऱ्या जर्मन तोफचींची काय गाळण उडाली असेल ते चटकन लक्षात येतं.

आता बार्बारोसा मेजर व्हिक्टरीने संपली, तर गेम विचारतोय की आधी कीव घेणार का थेट मॉस्को. हाच वाद ऑगस्ट १९४१ मध्ये झाला होता, गुडेरियन या जर्मन रणगाडा सेनापतीला मॉस्कोकडे जायचं होतं, हिटलरने त्याला दक्षिणेला कीवकडे वळवलं. तिथे प्रचंड वेढा पडला, पण मॉस्कोची मोहीम ऑक्टोबरवर गेली, आणि ऑक्टोबर म्हणजे चिखल. गेममध्येही तसंच, उशीर केला की पाऊस, चिखल, मग बर्फ, विमानं जमिनीवर बसून आणि रणगाडे रुतलेले. शहाणपण म्हणाल तर थेट मॉस्को, कोरड्या हवेत. पण माझी दोन पायदळाची युनिटं अजून एकाच स्टारवर आहेत, प्रेस्टिज, म्हणजे गेममधला पैसा, सगळं रणगाडे बदलण्यात गेलंय, आणि कीवमध्ये अनुभव चांगला मिळतो. शिवाय तिथे सावत्र युनिटं असतील तर मोहीम स्वस्तात पडेल. कीवच घेणार बहुतेक. सेव्ह करून ठेवलाय, उद्या बघू.