फ्लूट म्हणजे बासरी? आधी पन्हळ म्हणून बघा

शब्दकोशात 'फ्लूट' शोधला की पहिला अर्थ मिळतो बासरी. आयटीआयमध्ये नुकत्याच आलेल्या मुलाच्या हातात 'फोर फ्लूट एंड मिल' (धातू कोरणारं, चार फ्लूटचं टूल) दिलं की तो इथेच अडतो. खरं तर आपल्याकडे या दुसऱ्या अर्थाला चांगला शब्द आहे: पन्हळ. पावसाचं पाणी वाहून नेते ती पन्हळ. पन्हळी पत्रा आपण रोज म्हणतोच. वर्कशॉपमधला फ्लूट असा समजून घेतला की तो कशासाठी असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

साधं ड्रिल हातात घेऊन बघा. अंगाभोवती वळत गेलेल्या दोन खोलगट पन्हळी दिसतील, ते फ्लूट. कापण्याचं काम टोकाकडची धार करते. फ्लूट चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, वर आणतो आणि कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, खाली पोचवतो. भोकाची खोली ड्रिलच्या व्यासाच्या तिपटीपुढे गेली, म्हणजे 10 मिमीच्या ड्रिलने 30 मिमीपेक्षा खोल जायला लागलात, की चिप सहजी वर येत नाही. ती फ्लूटमध्येच दाबली जाते, घर्षण वाढतं, ड्रिल तापतं आणि अडकून तुटतं. तुटायच्या आधी खूण मिळते. वर येणारी चिप थांबते आणि आवाज बदलून किंचाळल्यासारखा होतो. त्या क्षणी फीड, म्हणजे टूल पुढे सरकवण्याचा वेग, वाढवू नका. ड्रिल पूर्ण बाहेर काढा, स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) थांबवा, ब्रशने फ्लूट साफ करा आणि मग टप्प्याटप्प्याने खाली जा. चिपला बोट लावू नका, तिची कड ब्लेडसारखी कापते.

एंड मिलमध्ये फ्लूट किती, हा प्रश्न जागेचा आहे. फ्लूट कमी तेवढी प्रत्येक पन्हळ रुंद. ॲल्युमिनियमची चिप मोठी आणि चिकट, म्हणून त्याला दोन किंवा तीन फ्लूट. स्टीलला सहसा चार, कारण चिप लहान निघते आणि मधला गाभा जाड राहिल्याने टूल वाकत नाही. चार फ्लूटच्या टूलने ॲल्युमिनियममध्ये खोल स्लॉट (खाच) मारलात तर पन्हळी भरतात, धातू धारेवर चिकटून बसतो आणि टूल जातं.

बरीच टूल मात्र हिशेबात तुटतात. फीड म्हणजे आरपीएम (मिनिटाचे फेरे) गुणिले फ्लूटची संख्या गुणिले दर दाताचा, म्हणजे प्रत्येक फ्लूटच्या धारेचा, फीड. 3000 आरपीएम, 4 फ्लूट, दर दाताला 0.05 मिमी, म्हणजे मिनिटाला 600 मिमी. आता चार फ्लूटचं टूल संपलं म्हणून त्याच प्रोग्रॅमवर दोन फ्लूटचं लावलं, तर फीड तोच राहतो आणि प्रत्येक दातावर 0.1 मिमीचा घास येतो, अगदी दुप्पट. उलटं केलं तर घास निम्मा होतो. टूल कापायच्या ऐवजी घासत राहतं आणि धार लवकर मरते. टूल बदललं की फीड बदला, यात आळस नको.

भोकात आटे पाडणाऱ्या टॅपमध्ये हीच पन्हळ चिपची दिशा ठरवते. आरपार नसलेल्या भोकाला स्पायरल फ्लूट टॅप, तो चिप वर ओढतो. आरपार भोकाला स्पायरल पॉइंट टॅप, तो चिप पुढे ढकलून खाली पाडतो. बंद भोकात दुसरा लावला की चिप तळाशी साचते आणि टॅप आतच तुटतो. सरळ फ्लूटच्या हँड टॅपला अर्धा-एक फेरा पुढे आणि पाव फेरा मागे द्यायचा, म्हणजे चिप तुटते. एम8 च्या (8 मिमी व्यासाच्या) नेहमीच्या 1.25 मिमी पिचच्या, म्हणजे दोन आट्यांमधल्या तेवढ्या अंतराच्या, आट्यांना आधी 6.8 मिमीचं भोक लागतं.

पुठ्ठ्याच्या खोक्यात फ्लूट म्हणजे दोन कागदांमधला लाटांचा थर. ए फ्लूट साधारण 5 मिमी उंच, सी 4, बी 3 आणि ई दीड मिमीच्या आसपास. अक्षरांचा क्रम उंचीचा नाही, त्यामुळे ऑर्डर देताना फसगत होते. पाच प्लायच्या (कागदाच्या पाच थरांच्या) खोक्यात असे दोन थर असतात. खोकं उभं असताना लाटा उभ्याच हव्यात. खांबांसारखं काम त्याच करतात. शीट आडवी कापली गेली तर नाशिकच्या द्राक्षांची थप्पी लावताच तळातली खोकी बसतात. दमट हवेत कागद ओल ओढतो आणि ताकद उतरते, म्हणून पावसाळ्यात थप्पी कमी उंच ठेवा आणि खाली लाकडी पॅलेट घाला.

इमारतीतही फ्लूट आहेतच. मुंबईच्या टाउन हॉलच्या 30 पायऱ्या चढून गेलात की डोरिक खांबांवर उभ्या पन्हळी दिसतात. डोरिक आणि आयोनिक या खांबांच्या दोन ग्रीक शैली. ग्रीक पद्धतीच्या डोरिक खांबाला बहुधा 20 पन्हळी, आयोनिकला 24.

आता वाद्य. मराठी वादक 'फ्लूट' म्हणतो तेव्हा तो बहुतेकदा चाव्यांचा, धातूचा पाश्चात्त्य फ्लूट असतो. त्याची आजची रचना थिओबाल्ड बोहम याच्या 1847 च्या नमुन्यावरून आली. बांबूची ती बासरी. पन्नालाल घोष यांनी लांब, खोल आवाजाची बासरी शास्त्रीय मैफलीत आणली. दोन्ही ऑनलाइन 'फ्लूट' म्हणूनच विकल्या जातात, म्हणून घेताना स्केल विचारा. ई म्हणजे पांढरी तीन. फुंकेच्या बाजूची तीन भोकं बंद आणि खालची तीन उघडी ठेवल्यावर जो सूर लागतो तो सा, आणि स्केल त्यावरूनच सांगतात. बांबू उन्हात किंवा एसीच्या कोरड्या हवेत आकसून तडकतो. उभ्या गाडीत बासरी ठेवू नका, आतून अधूनमधून तिळाच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि दोन्ही टोकांना घट्ट दोरा गुंडाळलेला आहे ना, ते घेतानाच बघा.