'आय, टू' वाचताना: क्रियापदांचा काळ

आज लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीची 'आय, टू' ('मीही') ही कविता. 18 ओळी, 5 कडवी, यमक कुठेच नाही आणि सगळ्यात लांब ओळ 8 शब्दांची. मार्च 1925 मध्ये 'सर्व्हे ग्राफिक' मासिकाच्या हार्लेम (न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती) विशेषांकात ती छापून आली, पुढच्या वर्षी 'द वेअरी ब्लूज' या संग्रहात गेली. भाषा इतकी सोपी की अर्थ लगेच हाती लागल्यासारखा वाटतो. मग 'वर्णभेदाविरुद्धची कविता' एवढं लिहून रसग्रहण संपतं, आणि कवितेची खरी ताकद तशीच राहून जाते. ती क्रियापदांच्या काळात आहे.

म्हणून कागदावर आधी फक्त क्रियापदं उतरवावीत. पहिल्या 7 ओळींत सगळा वर्तमानकाळ: मीही अमेरिका गातो, मी सावळा भाऊ आहे, पाहुणे आले की ते मला स्वयंपाकघरात जेवायला पाठवतात, मी हसतो, पोटभर खातो, बळकट होतो. 8 व्या ओळीत एकटाच शब्द, 'उद्या'. तिथून भविष्यकाळ सुरू होतो: मी टेबलाशी असेन, 'स्वयंपाकघरात जेव' असं म्हणायला कुणी धजणार नाही, त्यांना दिसेल, त्यांना लाज वाटेल. आणि 18 व्या ओळीत अचानक पुन्हा वर्तमानकाळ: मीही अमेरिका आहे. 'होईन' असं तो म्हणत नाही. टेबलावरची जागा उद्या मिळायची आहे, पण देशावरचा हक्क आजचाच आहे, स्वयंपाकघरात बसलेला असतानाही. 16 वी ओळही याच नजरेने पाहावी. ते उद्या पाहतील, पण काय पाहतील? मी किती सुंदर *आहे* ते. भविष्यकाळी वाक्याच्या पोटात वर्तमानकाळ आहे. बदलायची आहे ती बघणाऱ्यांची नजर.

सर्वाधिक चुका 'मी हसतो' या ओळीवर होतात. ते हसू लाचारीचं, नाहीतर दुःख लपवणारं ठरवलं जातं. पण त्याच्या आधी 'पण' आहे आणि नंतर दोन ओळी 'आणि'ने सुरू होतात: हसणं, खाणं, बळकट होणं. तिन्ही ओळी आखूड, एकापाठोपाठ एक पाऊल टाकल्यासारख्या. ही तयारी आहे. हसण्याची ओळ या साखळीतून सुटी काढली की अर्थ उलटा होतो.

स्वयंपाकघर आणि टेबल ही नुसती प्रतीकं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. 1896 च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' (गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगवेगळ्या सोयी) हे तत्त्व मान्य केलं होतं, त्यामुळे कुणी कुठे बसायचं हा रोजचा, अक्षरशः खुर्चीचा प्रश्न होता. 1 फेब्रुवारी 1960 ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. हॉटेलं आणि उपाहारगृहांतला असा भेदभाव संघराज्याच्या कायद्याने बेकायदा ठरला तो 1964 मध्ये. या तारखा संदर्भ म्हणून लिहाव्यात. कवितेने त्या आधीच सांगून ठेवल्या असा दावा मात्र करू नये.

सर्वनामांकडेही लक्ष हवं. 'मी' आहे, 'ते' आहेत, 'आपण' एकदाही नाही. तरीही स्वतःची ओळख तो 'भाऊ' अशी देतो. म्हणजे घर एकच आहे, आणि भावाला स्वयंपाकघरात धाडणारेही घरचेच आहेत. हा 'मी' थेट ह्यूज समजून त्याचं चरित्र ओळींत कोंबू नये. बोलणारा एकटा असला तरी त्याच्यामागे अख्खा समाज उभा आहे.

शेवटी वॉल्ट व्हिटमन. 'मीही' म्हणताना ह्यूज ज्याच्या सुरात सूर मिसळतो तो हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी. व्हिटमनच्या 'आय हिअर अमेरिका सिंगिंग'मध्ये सुतार, गवंडी, नावाडी, चांभार, लाकूडतोडे, आई असे सगळे आपापलं गाणं गातात. ती कविता त्याच्या 'लीव्हज ऑफ ग्रास' या संग्रहाच्या 1860 च्या आवृत्तीतली. त्याच वर्षीच्या जनगणनेत अमेरिकेत 39 लाखांहून अधिक गुलाम नोंदले गेले होते, आणि त्या गाणाऱ्यांच्या यादीत गुलाम नाही. ह्यूज व्हिटमनला दोष देत नाही, त्याची यादी खोडत नाही. दोन्ही कविता शेजारी ठेवून आधी व्हिटमनची मोठ्याने वाचावी, आणि न थांबता लगेच ह्यूजची पहिली ओळ म्हणावी. यादीतली रिकामी जागा कुठे होती ते तेव्हा कानाला कळतं.