हाल्फ द्री

"हा माणूस किती वर्षांचा आहे?"

लाओसमधल्या व्हिएन्तियानहून लाओ भाषांतर करणाऱ्या मुलीचा हा निरोप आला तेव्हा मी पुण्यात डबा उघडत होते. माणूस म्हणजे आम्ही सबटायटल करत होतो त्या व्हिडिओतला, टोमॅटो पिकवणारा डच माणूस. मी कळवलं, साठीचा असेल. लगेच पुढचा प्रश्न: आणि बोलतोय कोणाशी?

प्रश्न बाळबोध नव्हता. डचमध्ये तो बिनदिक्कत 'यै' म्हणतो, म्हणजे आपलं 'तू'. 'उ' हे आदरार्थी सर्वनाम त्याच्या तोंडी एकदाही येत नाही. लाओमध्ये 'चाओ' हे 'तुम्ही' असलं तरी माणसं एकमेकांना बहुतेक नात्यानेच बोलावतात. ती मला 'उआय' म्हणते, म्हणजे ताई. मी तिला 'नोंग' म्हणते, धाकटी. बोलणारा वयाने मोठा की लहान हे ठरल्याशिवाय तिचं वाक्य पुढे सरकत नाही. शेवटी तिने त्याला 'लुंग' केलं, म्हणजे आईवडिलांपेक्षा मोठे काका. सबटायटलमध्ये तो आता स्वतःलाच काका म्हणवून घेतो. मला आवडलं.

बाहेरच्यांना माहीत नसतं ते सांगते. डचमधून लाओमध्ये भाषांतर करणारा माणूस आम्हाला मिळत नाही. कोणीतरी डच ऐकून इंग्रजीत टाइमकोडसकट, म्हणजे कुठली ओळ कधी दिसणार त्या वेळेसकट, सबटायटल लिहितो. त्याला म्हणायचं टेम्प्लेट. मग लाओ, कंबोडियाची ख्मेर वगैरे 7 भाषांतले लोक ते इंग्रजी घेऊन बसतात. त्यांच्या कानावर डच पडतं, पण कळत नाही. मी लाओच्या तपासणीला असते. ओळ लांब झाली का, वाचायला वेळ पुरतो का, आकडे जुळतात का, एवढंच मी बघायचं. डच ऐकणं माझ्या कामात बसत नाही. पण नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनमध्ये 6 वर्षं काढली आहेत, कान बंद कसे करणार?

लाओची तपासणी म्हणजे कसरतच. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, जागा येते ती वाक्यांश संपल्यावर. आमची ओळीची मर्यादा 42 अक्षरांची आणि सॉफ्टवेअर सूरचिन्हंसुद्धा अक्षरं म्हणून मोजतं. ओळ फार झाली की ते जमेल तिथे कापतं. लाओत काही स्वर आपल्या पहिल्या वेलांटीसारखे व्यंजनाच्या आधी लिहितात. त्यामुळे कधी स्वर वरच्या ओळीत लटकतो आणि व्यंजन खाली उतरतं. 'कि'मधली वेलांटी एका ओळीत आणि 'क' दुसऱ्या ओळीत, असं कोणी मराठीत छापलं तर? म्हणून शब्द जिथे तुटला तर चालेल तिथे शून्य रुंदीची अदृश्य जागा घालत बसावं लागतं, हाताने. हे काम दरपत्रकात कुठेच नाही. डचची पंचाईत उलटी: तिथे दोन-तीन शब्द चिकटून एक लांबलचक शब्द होतो आणि तो ओळीत मावत नाही.

अधूनमधून गंमतही सापडते. फवारणीच्या भागात तो हातमोजे घालतो. डचमध्ये 'हांटस्खून', हाताचा बूट. लाओत 'थोंग म्यू', पिशवी आधी, हात नंतर. आपला हातमोजा डचसारखा, हात पुढे. तीन भाषांना हाताला घालायला तीन वेगळ्या वस्तू सुचल्या.

आता मूळ गोष्ट. तो पोराला म्हणतो, "दू दी क्रान मार एवन दिख्त, होर." शब्द एवढेच की तो नळ बंद कर. पण 'मार', 'एवन' आणि 'होर' हे तिन्ही मिळून बोलण्यातला हुकूम काढून घेतात. "तेवढा नळ बंद कर हं," असं ते आहे. लाओतही नेमकी हीच सोय आहे. वाक्याच्या शेवटी 'दे'सारखा एक शब्द लावला की आज्ञा मऊ होते. (त्यातला स्वर देवनागरीत नीट बसत नाही.) टेम्प्लेटमध्ये मात्र इंग्रजीत तीन शब्दांचा कोरडा हुकूम होता. नोंगने तो इमानदारीने तसाच उतरवला आणि आमचे काका लाओमध्ये मुकादमासारखे खेकसू लागले. मी तिला लिहिलं, तुझं ते 'दे' लाव. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, चेहरा रागीट नाही त्याचा.

हे करता करता पुढचं वाक्य कानावर आलं. शेवटचं पाणी "हाल्फ द्री"ला, त्यानंतर नाही, मुळं रात्रभर ओली राहतात. टेम्प्लेटमध्ये हाफ थ्री. ब्रिटनमध्ये हाफ थ्री म्हणजे साडेतीन. नोंगने लिहिलं होतं 'बाय साम मोंग खंग'. बाय दुपार, साम तीन, खंग अर्धा. दुपारचे साडेतीन. तिच्या बाजूने काहीच चुकलं नव्हतं.

पण डच 'हाल्फ द्री' म्हणजे अडीच. तिसरा अर्धा झालेला. मी हे आइंडहोवेनमध्ये दंतवैद्याकडे तासभर उशिरा पोहोचून शिकले. घरी येऊन चिडचिड केली तेव्हा सासरे फोनवर हसले. म्हणाले, अगं, अडीच म्हणजे तरी काय, अर्धतृतीय! दीड तसंच, आणि औटकीच्या पाढ्यातलं औट, म्हणजे साडेतीन, तेही अर्धचतुर्थ. डचमध्ये दीडला 'आंडरहाल्फ' म्हणतात, दुसरा अर्धा. आपण एवढी वर्षं अडीच म्हणतो आणि त्यात तीन लपलेत हे मला तिथे जाऊन कळलं.

नियमाप्रमाणे मी चूक नोंदवली, वेळ 3:30 नव्हे, 2:30. उत्तर दीड दिवसाने आलं: टेम्प्लेट लॉक झालं आहे, लाओपुरतं बदला. बाकीच्या सहा भाषांचं काय, विचारलं. त्यांची तपासणी माझ्याकडे नव्हती. टेम्प्लेट बनवणाऱ्याचा मला राग नाही, त्याला मिनिटामागे जे पैसे मिळतात त्यात कोणी दोनदा ऐकणार नाही. राग आहे तो कुलपाचा. चूक सापडल्यावरही जे उघडत नाही ते नक्की कशासाठी लावतात?

लाओमध्ये 'बाय सोंग मोंग खंग' झालं. नोंगला कारण सांगितलं, अडीचची कथाही सांगितली. तिने हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, उआय, पण आमच्याकडे जूनमध्येसुद्धा सातच्या आत सूर्य मावळतो. यांच्याकडे?

जूनमध्ये आइंडहोवेनला रात्री दहालाही उजेड असतो. व्हिडिओ कोणत्या महिन्यात काढला ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी पुन्हा पाहिला तो भाग, दोनदा. काचेतून येणारा उजेड करडा होता आणि काकांनी स्वेटर घातला होता. तिला तेवढंच कळवता आलं.