तुम्ही विचारलेत म्हणून : व्हिडिओ असताना शिक्षक कशाला?

गेली सात वर्षे मी पुण्यात ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते आहे, आणि हे कळले की लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात : जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंचे व्हिडिओ आता मोबाइलवर फुकट मिळतात, मग दर महिन्याला फी भरून शिक्षकाकडे जायचे कशाला? मागच्या महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या एका तरुणाने हेच जरा वेगळ्या अंगाने विचारले. त्यांच्या तालुक्यात हा खेळ शिकवणारे कोणीच नाही, तर व्हिडिओ पाहून शिकू का, असे त्यांचे म्हणणे होते. मी घाईत दोन वाक्यांत उत्तर दिले आणि ते अपुरे पडले हे मला लागून राहिले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की यात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. समोरच्याला खाली घेऊन जखडायचे आणि त्याच्या सांध्यावर किंवा मानेवर असा पेच टाकायचा, की त्याने हाताने थोपटून हार मान्य करावी. या थोपटण्याला ‘टॅप’ म्हणतात. टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचे, हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम आहे.

‘आर्मबार’ हा पेच मी पहिल्याच महिन्यात पाहिला. समोरच्याचा हात आपल्या मांड्यांमध्ये धरायचा, त्याचा अंगठा वरच्या दिशेला ठेवायचा आणि कंबर उचलून त्याच्या कोपरावर ताण आणायचा. याचे व्हिडिओ मी इतके पाहिले होते, की सगळ्या पायऱ्या डोळे मिटून सांगता आल्या असत्या; तरीही सरावात समोरची व्यक्ती दर वेळी कोपर सोडवून घेत असे. सरांनी त्यावर व्याख्यान दिले नाही. ते स्वतः आडवे झाले, आपला हात माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “लावा.” मी लावला, त्यांनी कोपर काढून घेतला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. काही दिवसांनी माझ्या ध्यानात आले की जिथे फट राहते तिथूनच ते कोपर काढतात, आणि फट जेवढी असेल तेवढाच जोर लावतात. त्याहून जास्त कधीच नाही. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी माझी कंबर त्यांच्या खांद्याला पुरती भिडली, गुडघे आपोआप मिटले, आणि त्यांचा कोपर जागचा हलला नाही. त्यांनी टॅप केला. ती फट पडद्यावर दिसत नव्हती, कारण ती डोळ्यांना दिसण्याजोगी नसतेच. ती मांडीला कळावी लागते, आणि ती दाखवण्यासाठी कोणीतरी आपला हात पणाला लावावा लागतो.

आमचा खेळ ज्या जपानी ज्यूदोतून निघाला त्या ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी आपल्या उमेदवारीच्या दिवसांची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. 1877 मध्ये, टोकियोत विद्यापीठाचे विद्यार्थी असताना, ते हाचिनोसुके फुकुदा यांच्याकडे जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी कुस्तीविद्या, शिकू लागले. एकदा गुरूंनी त्यांना एका डावाने पाडले, तेव्हा कानोंनी विचारले की हा डाव कसा करायचा. गुरू म्हणाले, ये. आणि पुन्हा पाडले. हात कुठे ठेवायचा, पाय कुठे, असे कानो विचारत राहिले आणि फुकुदा त्यांना पाडत राहिले. तोंडी विचारून हे समजणारे नाही, असा त्याचा अर्थ होता. मला ही आठवण सुरुवातीला कठोर वाटली होती. सरांच्या त्या तीन आठवड्यांनंतर तशी वाटेनाशी झाली.

माझे आजोबा तरुणपणी मिरजेच्या तालमीत जात, आणि त्यांच्या बोलण्यात एक वाक्य नेहमी येई : वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. जपानच्या जुन्या परंपरांमध्येही गुपिते गुंडाळीवर लिहून निवडक शिष्याच्याच हाती सोपवली जात. व्हिडिओंनी ही राखण संपवली हे मला मनापासून चांगले वाटते, कारण आज कोणताही डाव कोणालाही पाहता येतो. परंतु राखून ठेवण्यासारखे सगळे उघड झाल्यावरही जे हस्तांतरित होत नाही, ते काय असते, हे कानोंच्याच पुढच्या एका प्रसंगातून दिसते. फुकुदांच्या निधनानंतर त्यांनी त्सुनेतोशी इइकुबो यांच्याकडे जुजुत्सूच्या कितो-र्यू परंपरेचे शिक्षण घेतले, आणि 1882 मध्ये टोकियोच्या एइशो-जी मंदिरात अवघ्या 12 ताताम्यांच्या (जपानी चटयांच्या) जागेत कोदोकान ही आपली ज्यूदोची शाळा सुरू केली. इइकुबो तिथेही येऊन सराव घेत. एके दिवशी नेहमीचा क्रम उलटला : कानोंनाच गुरूंना पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले. पाडण्याआधी समोरच्याचा तोल कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेला ढळतो हे त्यांना हातांतून उमगले होते. त्यांनी ते गुरूंना समजावून सांगितले, तेव्हा इइकुबो म्हणाले की आता तुला शिकवण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. ज्या शरीरावर कानो हे शिकले ते त्या गुरूंचेच होते, म्हणून या कबुलीत मला हार दिसत नाही. राखलेल्या डावाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मला अधिक प्रिय आहे, आणि आजोबा असते तर मी ती त्यांना आवर्जून सांगितली असती.

कोदोकानमध्ये घडलेले मित्सुयो माएदा 1904 मध्ये जपानबाहेर पडले, देशोदेशी लढले आणि 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले. पुढे बेलेम शहरात त्यांनी कार्लोस ग्रेसी या मुलाला शिकवले, आणि त्याच कार्लोसने 1925 मध्ये रिओमध्ये आपली शाळा काढली. इथे माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगायला हवी. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ प्रकृतीने नाजूक होता, म्हणून तो कडेला बसून भावाचे वर्ग नुसते बघत असे आणि बघूनच शिकला, असे ग्रेसी कुटुंबात सांगितले जाते. असेलही. पण तो जिथे बसला होता त्या खोलीत रोज माणसे एकमेकांना भिडत होती, आणि त्या पाहण्याला पुढे आयुष्यभराच्या सरावाची जोड मिळाली. पाहणे निरुपयोगी आहे असे मी म्हणतच नाही. ते पुरेसे नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच हेलिओला 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानच्या मासाहिको किमुरा या ज्यूदोपटूने हाताच्या एका पेचात पकडले. हेलिओ टॅप करेना. शेवटी कार्लोसने, म्हणजे थोरल्या भावाने आणि शिक्षकाने, लढत थांबवली. त्या पेचाला आज आम्ही सगळे ‘किमुरा’ म्हणतो. ज्यांच्यावर तो लागला त्यांच्याच परंपरेने लावणाऱ्याचे नाव जपले, याचा मला फार आदर वाटतो. पण मला त्या प्रसंगात कार्लोसचे थांबवणे सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याला माझ्यापुरते एक कारण आहे. मी आधी जिथे शिकत होते तिथे सरावात एका सहकाऱ्याने मला हाच किमुरा लावला, मी टॅप केला, आणि त्याने सोडायला उशीर केला. शिकवणारे दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि बघत होते. त्यांनी त्याला थांबवले नाही, नंतर काही बोललेही नाहीत. खांदा बरा व्हायला पाच महिने लागले, आणि कोणाच्या हाती हात देण्याचा धीर परत यायला त्याहून जास्त. व्हिडिओ तुम्हाला पेच शिकवतो, पण तुमच्या जोडीदाराला “सोड” म्हणायला तिथे कोणी नसते. घरी मित्राबरोबर पाहून पाहून किमुरा लावणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते ती यासाठीच.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येते, कारण शिक्षकाचे महत्त्व कितीही सांगितले तरी जवळपास शिक्षकच नसेल तर काय करायचे, हे त्याने सुटत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी 1929 मध्ये शिंझो ताकागाकी यांना जपानहून शांतिनिकेतनात ज्यूदो शिकवायला आणले. पुस्तक मागवून त्यांचे भागले नसते. रिओच्या गरीब उपनगरात, बेन्तो रिबेइरोमध्ये, ओस्वाल्दो फादांनी ज्यांना फी परवडत नव्हती अशांना जिउ-जित्सू शिकवले, आणि 1950 च्या दशकात त्यांच्या शिष्यांनी ग्रेसींच्या शिष्यांना हरवूनही दाखवले. असा शिक्षक तुमच्या तालुक्यात आज नाही, हे खरे आहे. पण कुस्तीची तालीम बहुधा असेल, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ज्यूदोचा वर्ग असण्याची शक्यता आहे. तिथे जा. माएदांचे शिक्षणही ज्यूदोचेच होते. पकड, वजन टाकणे, तोल ओळखणे हे तिथले वस्ताद तुम्हाला अंगावर घेऊन शिकवतील, आणि रोज संध्याकाळी कोणाच्या तरी शरीराशी तुमचा संवाद होईल. एखादे वर्ष असे गेले की व्हिडिओ बघा; तेव्हा त्यांत तुम्हाला आज दिसत नाही ते पुष्कळ दिसू लागेल. तोवर सांध्यांचे पेच एकट्याने कोणावर करून बघू नका.

पुढे कुठल्या शाळेत नाव घालायची वेळ आली तर पैसे भरण्याआधी एक वर्ग कडेला बसून पाहा. शिकवणारे नवख्यांबरोबर स्वतः सराव करतात का, त्यांच्या हातून टॅप घेतात तसा त्यांना देतातही का, आणि कोणी सोडायला उशीर केला तर ते काय करतात, एवढेच बघा. आमच्या वर्गाला शनिवारी सकाळी सात वाजता बाहेरच्या कोणालाही बसता येते. पुण्याला येणे झाले तर या. सरांना मी तुमच्याबद्दल सांगून ठेवले आहे.