पाण्याचं बिल एवढं का?

चूक माझीच होती, आणि ती एका शब्दाची होती.

आमच्या मेथडिस्ट चर्चच्या रिजनल कॉन्फरन्सकडून, म्हणजे वरच्या विभागीय सभेकडून, इंग्रजीत एक फॉर्म आला. येत्या चार वर्षांत मंडळीचं 'रिन्यूअल' कसं करणार आणि गावाची काय सेवा करणार, याची योजना प्रत्येक डिस्ट्रिक्टनं करायची होती. डिस्ट्रिक्ट ऑफिसात हिशेब आणि टायपिंग माझ्याकडे, त्यामुळे भाषांतरही माझ्याच गळ्यात पडलं. फार डोकं न चालवता मी 'मंडळीचे नूतनीकरण' असा मथळा टाकला आणि नऊ पास्टरेटना, म्हणजे पाळकांकडे सोपवलेल्या मंडळ्यांना, नऊ प्रती धाडल्या. पंधरा दिवसांत नऊच्या नऊ भरून परत आल्या. वार्षिक आकडेवारीसाठी मी ज्यांना चार-चार फोन करतो, त्यांनी पोस्टाची वाटही न बघता हाती पाठवल्या होत्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

एकानं लिहिलं होतं, छताचे पत्रे. दुसऱ्यानं, वेदीपुढे टाईल्स. कुणाला पार्सोनेजचं, म्हणजे पाळकाच्या घराचं, प्लॅस्टर हवं होतं, कुणाला साउंड सिस्टिम. आत्म्याचा उल्लेख एकाच फॉर्ममध्ये सापडला, तोही 'आत्मिक वाढीसाठी हॉलमध्ये दोन कूलर' असा. समाजसेवेच्या रकान्यात सगळीकडे एकच ओळ होती: नाताळात ब्लँकेट वाटप. जणू एकमेकांचं बघूनच लिहिलेलं.

डी. एस. साहेबांनी, म्हणजे आमच्या डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटनी, सगळे फॉर्म शांतपणे वाचले. "उज्जीवन तरी लिहायचं होतंस रे," म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "नको. मग नऊ ठिकाणच्या तीन-तीन दिवसांच्या उज्जीवन सभा आल्या असत्या, मंडपाच्या खर्चासकट."

शेवटी सगळ्यांना एका जागी बसवून एक दिवस बोलायचं ठरलं. जागा निवडली ती विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची, नऊही मंडळ्यांना मध्ये पडणारी. मला तिथं जायचं आणखी एक कारण होतं. तीन महिन्यांपूर्वी याच चर्चचे हिशेब तपासताना मी लाल शाईनं शेरा मारला होता: '४३ सभासद. पाण्याचं बिल एवढं का? खुलासा द्यावा.' खुलासा आला नाही. आला तो हा फॉर्म, आणि त्यात नूतनीकरणाखाली पहिलीच मागणी होती: 'कंपाउंड वॉल उंच करणे, नवीन गेट, नळास कुलूप.'

मे महिना. सकाळी आठला पोचलो तेव्हाच ऊन डोळ्यांत शिरत होतं. भिंतीलगत, कडुनिंबाच्या सावलीत वीस-पंचवीस माणसं बसलेली. कुणी लवंडलेलं, कुणी तीन विटांच्या चुलीवर भात लावलेला. नळाशी बाटल्यांची रांग. मला वाटलं, आपल्याच बैठकीचे लोक लवकर आलेत. एका म्हाताऱ्याला मी आमच्या मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे 'सलाम' केला, तर तो गोंधळून उठूनच उभा राहिला. मग रस्त्यापलीकडे लक्ष गेलं. समोर सरकारी दवाखाना. ही सगळी पेशंटसोबत आलेली माणसं. पेशंटला आत खाट आणि जेवण मिळतं. सोबतच्यानं कुठं टेकायचं आणि काय खायचं, हे त्याचं त्यानं बघायचं.

बैठक सुरू झाली. प्रार्थना कुणी केली ते मिनिट्समध्ये आहे. काय केली ते नाही, कारण कूलर इतका घरघरत होता की 'आमेन'सुद्धा समोरच्याच्या ओठांवरून ओळखावं लागलं. पहिला तास पत्रे आणि टाईल्समध्ये गेला. तो मी इथे सांगत बसत नाही. पूर्वी मिशनच्या काळात वरून पैसा यायचा. १९८१ साली आमचं चर्च स्वायत्त झालं त्यालाही आता किती वर्षं लोटली. तरी फॉर्म दिसला की आमची माणसं अजून यादीच लिहितात.

चहाच्या वेळी कळलं की माणसं धरली होती त्याहून जास्त आलीत, आणि चहाला मोठं भांडं नाही. मावशीकडे असेल म्हणून मला पिटाळलं. मावशी म्हणजे घंटा वाजवणारी बाई. नवरा इथला चौकीदार होता. तो गेल्यावर मंडळीनं तिला मागची खोली राहू दिली.

"गंज एकच हाये भाऊ घरी," ती म्हणाली. "बाकीचे समोर गेले."

"समोर म्हणजे?"

"दवाखान्यात. भात कशात शिजवतीन ते लोकं?"

ती गंज घासून देईपर्यंत मी दाराशी उभा राहिलो. दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा होत्या. वर पाच ठळक, ताज्या. खाली दाराच्या तळापर्यंत जुन्या, पुसट. काही चार-चारच्या जुडग्यात, काही एकट्या. हिशेबाची सवय वाईट. मी मोजायलाच लागलो आणि काय आहे म्हणून विचारलं. गंज नेला की एक रेघ, परत आला की पुसायची, असा तिचा हिशेब. वरच्या पाच आज बाहेर असलेल्या गंजांच्या.

"आणि या खालच्या?"

"थे नाही आले वापस." राखेचा हात तिनं पदराला पुसला. "त्याइचा पेशंट गेला असंन. अशा टायमाले गंज कोनाच्या ध्यानात राहते? अन् मागाले कोन जाईन?"

गंज आणते कुठून, म्हणून विचारलं. मोडीच्या दुकानातून, नाहीतर मंडळीतल्या बायका जुने देतात. कमिटीला माहीत आहे का? "कमिटीले काय सांगाचं त्यात," म्हणाली आणि गंज माझ्या हातात दिला.

चहानंतर नेमकी नळाच्या कुलपाची चर्चा निघाली. इथले लेलीडर, म्हणजे सभासदांमधले पुढारी, तहसीलमधून रिटायर झालेले एक काका. त्यांचं बोलणं मला खोडता येईना, आणि खरं सांगायचं तर अजूनही येत नाही. "आज नळ, उद्या भिंतीला टेकून टपरी, परवा कोर्टाची तारीख," ते म्हणाले. "जागा आपल्या बापाची नाही. चर्चची आहे, वरच्या संस्थेच्या नावावर आहे. ती गेली तर उत्तर आपण द्यायचं. आणि डिस्ट्रिक्ट ऑफिसनंच शेरा मारलाय, पाण्याचं बिल एवढं का म्हणून." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मिनिट्स लिहिणाऱ्यानं बैठकीत बोलायचं नसतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, शेऱ्याचा खुलासा मला मिळालाय. मग दारामागच्या रेघा सांगितल्या. सांगताना आवाज थोडा चढला असावा, कारण कुणीतरी कूलर बंद केला. पाळकसाहेबांची मान खाली गेली. दोन वर्षं ते त्याच आवारात राहत होते, आणि त्यांनाही माहीत नव्हतं.

मग डी. एस. साहेबांनी १७४२ सालची गोष्ट काढली. इंग्लंडातलं ब्रिस्टल. मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लींच्या लोकांनी सभागृह बांधलं होतं आणि त्याचं कर्ज फिटत नव्हतं. एकानं सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना तेवढंही झेपायचं नाही. त्यावर पहिला म्हणाला, सगळ्यात गरीब असे अकराजण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाईन, त्यांच्याकडे नसेल तर त्यांचं मी भरीन. बाकीच्यांनीही तसंच केलं. वसुलीला घरोघर जायला लागल्यावर कुठं भांडण आहे, कुठं दारू शिरलीय, हे दिसायला लागलं. तिथूनच आमच्या 'क्लास'ची पद्धत निघाली: दहा-बारा माणसं, त्यांचा एक पुढारी, आणि दर आठवड्याला विचारपूस.

"म्हणजे सुरुवात इमारतीच्या खर्चापासूनच झाली," साहेब म्हणाले. "तेव्हा टाईल्स लिहिल्यात म्हणून मी रागावणार नाही. पण पेनी गोळा करायला कुणाच्या दारी कोण जाणार, ते मला सांगा."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकदम सगळेच बोलायला लागले. तेवढा भाग मिनिट्समध्ये मला नीट पकडता आलेला नाही. डब्ल्यू.एस.सी.एस.च्या, म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या, एक बाई म्हणाल्या, आम्ही बुधवारी दोघी-दोघी वॉर्डात जाऊ. एका तरुण पाळकांनी लगेच थांबवलं: दिवस कसे आहेत ते बघा, वॉर्डात पाऊल टाकलं की धर्मांतराला आले म्हणतील. भीती खोटी नव्हती. बराच खल होऊन ठरलं की पत्रक नाही, पुस्तक नाही, बॅनर नाही आणि फोटो तर नाहीच. कुणी स्वतःहून मागितल्याशिवाय प्रार्थनाही नाही. जायचं, पाणी हवं का, घरी निरोप द्यायचा आहे का, एवढंच विचारायचं. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, पलीकडच्या चर्चच्या बायकांनाही घ्या, त्यांचा स्वयंपाकाला हात चांगला आहे. "ते सी.एन.आय.चे," मागून कुणीतरी. १९७० साली नागपुरात अनेक पंथांचं मिळून ते चर्च, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं तेव्हा आम्ही ऐनवेळी बाहेर राहिलो होतो. भात शिजवायला ते आड येऊ नये, असं ठरायला दहा मिनिटं लागली.

लेलीडर काकांनी भिंत सोडली नाही. पण नळाचा तोडगा त्यांनीच काढला: भिंत उंच करू आणि नळ भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काढू, मग गेटला खुशाल कुलूप लावा. तहसीलचा माणूस शेवटी. सर्वानुमते मंजूर. वर त्यांची अटही होती की गंज मंडळीनं विकत घ्यावेत आणि त्यांवर चर्चचं नाव कोरावं, म्हणजे हरवणार नाहीत. मावशीला बोलावून विचारलं. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"नाव नका टाकू," म्हणाली. "मयत घेऊन चाललेला मानूस नाव पाहून गंज वापस कराले येईन. त्याले कायले तरास?"

ठरावातून ते वाक्य काढलं.

डिस्ट्रिक्ट ऑफिसात परतल्यावर मी त्या चर्चच्या खात्यातलं पाण्याचं बिल 'देखभाल'मधून उचलून 'समाजसेवे'खाली टाकलं. ऑडिटर विचारतील, तेव्हा बघू. फॉर्मचा मथळाही बदलून 'नवीकरण' केला. त्यानं किती फरक पडतो कोण जाणे. बुधवारची फेरी नऊपैकी दोनच ठिकाणी टिकली. पुढच्या कॉन्फरन्सच्या शेवटी बिशपसाहेबांनी नेमणुका वाचल्या तेव्हा त्या पाळकसाहेबांची बदली झाली. ते जाताना बायकांच्या पाळ्यांची वही बरोबर घेऊन गेले नाहीत, मंडळीकडे ठेवून गेले. पाळक बदलला की त्याच्या योजना त्याच्याच ट्रंकेतून जातात, असा आमच्याकडचा आजवरचा शिरस्ता.

दिवाळीनंतर वरून पुन्हा कागद आला. 'समाजसेवा: लाभार्थींची संख्या नमूद करावी.' मला दार आठवलं. निदान जुन्या रेघा तरी मोजून आणाव्यात म्हणून एका शनिवारी बस पकडून गेलो. नळ बाहेर निघाला होता, त्याखाली सिमेंटचा ओटाही झाला होता. आवार ओळखू येत नव्हतं. नूतनीकरणाचे पैसे मंजूर झाले होते आणि कंत्राटदारानं राहिलेल्या ऑईलपेंटमध्ये मावशीची खोलीसुद्धा उरकली होती. दार आतून-बाहेरून गर्द हिरवं, आरशासारखं.

"त्याच्यावर खडू नाही बसत," मावशी म्हणाली. दाराशेजारच्या भिंतीवर तिनं नव्यानं सुरुवात केली होती. त्या दिवशी तीन रेघा होत्या. माझ्यासमोरच एक मुलगा गंज घेऊन आला, तिनं बोटानं एक पुसली.

फॉर्म अजून माझ्या टेबलावर आहे, तेवढा रकाना कोरा. पाण्याचं बिल भरलं.